जाहिरातीचें चित्र लोकांच्या हातीं

बाजारांत दुकान मांडणाऱ्याला पहिली विद्या साधावी लागते ती रस्त्यानें जाणाऱ्याची मान वळविण्याची. माल चांगला कीं वाईट हा विचार मागाहून येतो. गिऱ्हाईक पायरीशीं थबकलेंच नाहीं, तर चांगला मालहि पडून राहतो. म्हणून दुकानावर पाटी आली, नाटकगृहाच्या भिंतीवर रंगीत तक्ता आला, औषधाच्या बाटलीवर चित्र आलें. हीं चित्रें काढणाऱ्यांचीं नांवें कोणी विचारलीं नाहींत, आणि तीं चित्रें जपून ठेवावीं असेंहि कोणाच्या मनांत आलें नाहीं. क्षणभर नजर धरून ठेवणें एवढेंच त्यांचें काम होतें.

हीच विद्या आज इंटरनेटवर गेली आहे. यूट्यूब हें व्हिडिओंचें भांडार इ. स. २००५ मध्यें कॅलिफोर्नियांत निघालें; त्यावरील पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजीं चढला, व पुढच्याच वर्षीं गूगल कंपनीनें एक अब्ज पासष्ट कोटि डॉलर देऊन तें भांडार विकत घेतलें. तेथें प्रत्येक व्हिडिओच्या दारावर एक लहानसें चित्र लावलेलें असतें. त्यास थंबनेल म्हणतात; म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढें चित्र. पाहणारा त्या चित्रावर बोट ठेवील तर दार उघडणार, न ठेवील तर व्हिडिओ करणाऱ्याचे सारे श्रम वायां जाणार. त्यामुळें या नखाएवढ्या जागेंत डोळे विस्फारलेले, तोंड उघडें, एका बाजूस तांबडा बाण आणि दुसऱ्या बाजूस मोठ्या अक्षरांत कांहीं अचाट आश्वासन अशीं चित्रें दिसूं लागलीं. ज्या चित्राचें आश्वासन मोठें आणि आंतला माल थोडा, त्यास 'क्लिकबेट' हें नांव पडलें. गळाला लावलेलें आमिष, असा त्याचा भाव.

येथवर सारें बाजाराच्या रीतीप्रमाणेंच झालें. परंतु यापुढें एक निराळाच प्रकार घडतो. अशा एखाद्या आमिषाच्या चित्रावर देशोदेशींच्या हौशी चित्रकारांचें मन बसतें. ते तें चित्र पुन्हां काढूं लागतात. बैठक तीच, हातवारे तेच, बाण व अक्षरेंहि त्याच ठिकाणीं. पण मूळच्या माणसाच्या जागीं आपल्या आवडत्या कथेंतलें वा खेळांतलें पात्र आणून बसवितात. एकानें काढलें कीं दुसरा काढतो, दुसऱ्याचें पाहून दहा जण काढतात, आणि थोड्याच दिवसांत मूळ व्हिडिओ ज्यांनीं पाहिलाहि नाहीं अशांच्या हातूनहि त्याच मांडणीचीं चित्रें उतरूं लागतात. चाहत्यांच्या अशा चित्रांस फॅन आर्ट म्हणतात, आणि एका मनांतून दुसऱ्या मनांत नकलेनें पसरणाऱ्या वस्तूस मीम म्हणतात. हा दुसरा शब्द रिचर्ड डॉकिन्स या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रथम योजिला. इंटरनेटवरील चित्रांना तो पुढें लागू झाला.

विकणाऱ्यानें क्षणासाठीं केलेलें चित्र लोकांच्या हातीं कसें जातें, जातांना त्यांतून काय गळतें व काय टिकतें, हें समजून घेण्यास एका चेहऱ्याचा इतिहास फार उपयोगी पडतो. हा चेहरा यूट्यूबहून सुमारें एकशें दहा वर्षांनीं जुना आहे. नाटकाच्या जाहिरातींत त्याचा उगम दिसतो, दंतवैद्याच्या पाटीवर तो वाढला, पोस्टकार्डावरून गांवोगांव हिंडला, आणि अखेर न्यायालयांत उभा राहिला. म्हणूनच त्याच्या प्रवासाचे टप्पे आज सांगतां येतात.

इ. स. १८९४ मध्यें लंडन येथें आर्थर लॉ या नाटककाराचें 'द न्यू बॉय' नांवाचें प्रहसन रंगभूमीवर आलें. एक ठेंगणा, पोरसवदा दिसणारा गृहस्थ आपल्याच पत्नीचा मुलगा समजला जातो, आणि त्याला नवा विद्यार्थी म्हणून शाळेंत जाऊन बसावें लागतें, अशी त्यांतील गंमत. त्याच वर्षीं हें प्रहसन न्यू यॉर्क येथें गेलें. अमेरिकेंतील प्रयोगांच्या जाहिरातींवर एका मुलाचा चेहरा छापला जाई. कान बाहेर आलेले, केस विसकटलेले, पुढचा दांत पडलेला, आणि ओठांवर निर्बुद्ध पण प्रसन्न असें हंसूं. कशाचा काय उपयोग, असा प्रश्न आणि कांहींच नाहीं, असें त्याचें उत्तर या आशयाचे शब्द त्याच्याजवळ असत. नाटकाशीं त्या चेहऱ्याचा संबंध एवढाच कीं शाळेंतला नवा पोरगा असा दिसेल. पण जाणाऱ्याची मान वळविण्याचें काम त्यानें चोख केलें. तो चेहरा प्रथम कोणाच्या हातानें काढला गेला, तें नांव इतिहासांत उतरलें नाहीं.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८९५ सालीं, अ‍ॅटमोर या नांवानें विकल्या जाणाऱ्या गोड सारणाच्या व पुडिंगच्या जाहिरातींत तोच चेहरा दिसतो. प्रहसनाचा व पुडिंगचा कांहीं संबंध नाहीं. पण हंसणारें पोर काय खाऊन हंसतें आहे, एवढें सुचविलें कीं विक्रेत्याचें काम झालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅन्सस प्रांतांतील टोपेका या गांवीं रोमाइन नांवाचा एक दंतवैद्य वेदनारहित दांत काढण्याची ग्वाही देत असे. त्याच्या जाहिरातींत हा मुलगा पुन्हां आला. दांत पडलेला आहेच. तो दंतवैद्यानें काढला आणि पोराला मुळींच दुखलें नाहीं, असा अर्थ त्या जुन्या चित्रावर आपोआप चढला. ज्या रिकाम्या जागेनें नाटकांत खोडकरपणा दाखविला होता, तीच रिकामी जागा आतां वैद्याच्या कौशल्याची साक्ष झाली. थंड पेयांच्या विक्रेत्यांनींहि पुढें तोच चेहरा वापरला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. प्रत्येक विक्रेत्यानें आपल्या चित्रकाराकडून तो चेहरा नव्यानें काढून घेतला. त्या काळीं एका छापखान्यांतला ठसा दुसऱ्याच्या हातीं सहजीं येत नसे. चित्र पाहून पुन्हां काढणें हाच सोपा मार्ग होता. त्यामुळें दर खेपेस कांहीं तपशील बदलले. कोठें गालांवर वांग आले, कोठें एक डोळा दुसऱ्याहून खालीं गेला, कोठें गळ्याभोंवतीं निराळा पोशाख आला. टिकले ते तीन विशेष: बाहेर आलेले कान, पडलेला दांत आणि निर्विकार हंसूं. शेंकडों हातांतून गाळून निघाल्यावर चेहऱ्याचें जें सार उरलें, तें कोणत्याहि पोराला दोन मिनिटांत पाटीवर काढतां येईल इतकें सोपें झालें होतें.

मग जाहिरातदार मागें पडले आणि चित्र स्वतंत्रपणें हिंडूं लागलें. त्याच्या खालीं 'मला कसली काळजी?' या अर्थाची एक ओळ चिकटली. पोस्टकार्डांवर, दुकानांतील तक्त्यांवर तो मुलगा नुसता गंमत म्हणून छापला जाऊं लागला. १९४० सालीं अध्यक्ष रूझवेल्ट तिसऱ्यांदां निवडणुकीस उभे राहिले, तेव्हां त्यांच्या विरोधकांनीं हाच चेहरा पोस्टकार्डावर छापून त्याच्या तोंडीं रूझवेल्ट यांना पाठिंबा असल्याचे शब्द घातले. असा निर्बुद्धच त्यांना मत देईल, हा त्यांतला टोमणा. पुडिंग विकणारा चेहरा राजकारणांत गेला, तो कोणाची परवानगी घेऊन नव्हे. त्याची परवानगी मागावी असा धनी आहे, हेंच कोणाच्या ध्यानांत नव्हतें.

१९५२ सालीं न्यू यॉर्क येथें 'मॅड' नांवाचें विनोदी चित्रकथांचें नियतकालिक निघालें. विल्यम गेन्स हे त्याचे प्रकाशक, व हार्वी कुर्ट्झमन हे संपादक. १९५४ सालीं बॅलन्टाइन या ग्रंथप्रकाशन संस्थेंत गेले असतां कुर्ट्झमन यांना तेथील एका संपादकाच्या सूचनाफलकावर टांचलेलें एक जुनें पोस्टकार्ड दिसलें. त्यावर तोच मुलगा आणि तीच ओळ होती. कुर्ट्झमन यांनीं तो चेहरा उचलला. त्याच सालच्या अखेरीस निघालेल्या 'मॅड'च्या निवडक मजकुराच्या पुस्तकाच्या वेष्टणावर तो झळकला, आणि १९५५ पासून खुद्द नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर, प्रथम अगदीं लहान आकारांत, येऊं लागला.

त्याला नांव मिळालें तेंहि उसनेंच. त्या काळीं हेन्री मॉर्गन या विनोदी वक्त्याच्या रेडिओवरील कार्यक्रमांत आल्फ्रेड न्यूमन हें नांव गमतीनें घेतलें जाई. हॉलिवुडच्या चित्रपटांना संगीत देणाऱ्या एका खऱ्या संगीतकाराचें तें नांव होतें. 'मॅड'च्या मंडळींनीं तें थोडें बदलून 'आल्फ्रेड ई. न्यूमन' असें केलें व पुढें त्या चेहऱ्याला चिकटविलें. अशा रीतीनें नाटकांतून चेहरा, पोस्टकार्डांतून ओळ आणि नभोवाणींतून नांव, अशा तीन ठिकाणच्या वस्तू एका ठायीं आल्या.

१९५६ सालीं अल फेल्डस्टाइन हे संपादक झाले. त्यांनीं वृत्तपत्रांत जाहिरात देऊन चित्रकार शोधला, आणि नॉर्मन मिंगो नांवाचे साठ वर्षांचे, जाहिरातींचीं चित्रें काढण्यांत मुरलेले गृहस्थ पुढें आले. मुलगा मूर्ख दिसूं नये, बेफिकीर दिसावा, पण त्याच्या डोळ्यांमागें बुद्धि आहे असें वाटावें आणि तो लोकांना आवडावा, अशी मिंगो यांना सूचना होती. त्यांनीं रंगविलेलें चित्र डिसेंबर १९५६ च्या, म्हणजे तिसाव्या अंकाच्या मुखपृष्ठावर आलें. त्यांत हें पोर अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून दाखविलें होतें. जुन्या पोस्टकार्डावरील चेहऱ्यांत व या चेहऱ्यांत रेषा बहुतेक त्याच आहेत. फरक आहे तो पाहणाऱ्याशीं असलेल्या नात्याचा. पूर्वीच्या चित्राकडे पाहून लोक त्या पोराला हंसत. मिंगो यांच्या चित्रांतलें पोर लोकांना हंसतें.

येथून पुढें मुखपृष्ठाचा एक खेळच झाला. कधीं थोर पुरुषाच्या पुतळ्याच्या धडावर, कधीं नव्या चित्रपटाच्या नायकाच्या जागीं न्यूमनचें डोकें येई. वाचकहि घरीं तेंच करूं लागले. शाळकरी मुलांनीं वह्यांच्या कव्हरांवर कान व दांत काढले, कीं शेजारच्या मुलाला खूण पटे. लोकप्रिय चित्रांतून मूळ माणूस काढून आवडतें पात्र तेथें बसविण्याची आजची हौस आणि ही हौस यांत जातीचा भेद नाहीं.

मग हा चेहरा कोणाचा, हा प्रश्न कधीं ना कधीं निघणारच होता. 'मॅड'नें आपल्या वाचकांनाच विचारलें कीं हें पोर यापूर्वीं कोठें पाहिलें असेल तर कळवा. उत्तरें आलीं तीं परस्परांशीं न जुळणारीं. कोणी दंतवैद्याचें सांगितलें, कोणी पेयाचें, कोणी वैद्यकाच्या पुस्तकाचें. प्रत्येकानें तो चेहरा कोठें तरी पाहिला होता आणि प्रत्येकाचें 'कोठें तरी' निराळें होतें.

अखेर प्रश्न न्यायालयांत गेला. हॅरी स्पेन्सर स्टफ नांवाच्या चित्रकारानें १९१४ सालीं दांत पडलेल्या हंसऱ्या पोराचें एक चित्र काढून त्यावर कॉपीराइटचा हक्क नोंदविला होता. चित्राचें नांव आद्य आशावादी अशा अर्थाचें होतें. त्याच्या पश्चात् त्याच्या विधवा पत्नीनें 'मॅड'च्या प्रकाशकांवर फिर्याद केली. प्रकाशकांच्या वतीनें जुन्या जाहिरातींचा व पोस्टकार्डांचा ढीग पुढें मांडण्यांत आला. १९६५ सालीं न्यू यॉर्क येथील अपील न्यायालयानें निकाल दिला तो बाईंच्या विरुद्ध गेला. हक्क मिळाल्यावर तो राखावा लागतो. या चित्राच्या असंख्य प्रती हक्काची सूचना न छापतां बाहेर पसरूं दिल्या गेल्या, इतरांनीं केलेल्या नकला थांबविण्याची दक्षता घेतली गेली नाहीं, त्यामुळें हक्क लोपला, असा त्याचा आशय. म्हणजे तो चेहरा सर्वांचा ठरला.

या निकालांत न्याय आहे, आणि एक बोचणारी गोष्टहि आहे. स्टफ यांच्या चित्रापूर्वीं वीस वर्षें तो चेहरा नाटकाच्या जाहिरातींत होताच. तेव्हां ज्या बाईंचा दावा फेटाळला गेला त्यांच्या पतीनेंहि तो चेहरा कोणाचा तरी पाहूनच काढला असावा, असें मानावें लागतें. मग मूळ चित्रकार कोण? ज्यानें १८९४ सालीं कंत्राटदाराच्या सांगण्यावरून दोन-चार रेषांत तो चेहरा उभा केला, त्याला त्याचे ठरलेले पैसे मिळाले असतील किंवा नसतील; त्याच्या हयातींत व नंतर त्या चेहऱ्यावर पुडिंग, दंतवैद्य, पेयें व मासिक यांनीं धंदा केला. लोकांनीं चित्र आपलेंसें केलें, हा त्या चित्राचा गौरव. पण त्याच वाटेनें काढणाऱ्याचें नांव पुसलें गेलें, हीहि तितकीच खरी गोष्ट आहे.

महाराष्ट्रालाहि ही वाट अपरिचित नाहीं. ज्या १८९४ सालीं तें प्रहसन रंगभूमीवर आलें, त्याच सालीं राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईंत सुरू झाला व पुढें तो लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. त्या छापखान्यांतील लक्ष्मी व सरस्वती यांचीं चित्रें घरोघर भिंतींवर लागलीं. लोकांनीं तीं नुसतीं लावलीं नाहींत. घरच्या बायकांनीं देवीच्या छापील लुगड्यावर खरें कापड शिवलें, जर व टिकल्या लाविल्या. इतर छापखान्यांनीं व कॅलेंडरवाल्यांनीं तीच उभी मूर्ति आपापल्या रंगांत पुन्हां काढली. फरक इतकाच कीं रविवर्मा यांचें नांव आधींच मोठें होतें, म्हणून तें वांचलें.

आतां पुन्हां नखाएवढ्या चित्राकडे वळावयास हरकत नाहीं. न्यूमनच्या चेहऱ्यावरून पाहतां आमिषाचें चित्र पुन्हां काढण्यास इतकें सोयीचें कां असतें, याचा उलगडा होतो. जाहिरातीच्या तक्त्यासमोरून माणूस चालत जातो, आणि थंबनेलसमोरून बोट सरकत जातें. दोन्हींकडे वेळ थोडा. म्हणून चित्रकाराला एकच चेहरा, एकच भाव, थोडे रंग व ठळक मांडणी यांवर भागवावें लागतें. जें एका दृष्टिक्षेपांत ओळखूं यावें म्हणून केलें, तें एका दृष्टिक्षेपांत ध्यानांतहि राहतें. आणि जें ध्यानांत राहतें तें समोर नसतांहि काढतां येतें. विक्रेत्यानें घाईच्या डोळ्यांसाठीं केलेली काटकसर हौशी हाताच्या उपयोगी पडते.

दुसरें कारण लबाडी ओळखण्याच्या आनंदांत आहे. यूट्यूबच्या आरंभींच्या काळांत हें लहान चित्र व्हिडिओंतीलच एखाद्या ठराविक क्षणाचें, आपोआप उचललें जाई. तें ध्यानांत येतांच कांहीं धूर्तांनीं नेमक्या त्याच क्षणीं विषयाशीं संबंध नसलेलें भडक दृश्य घुसडण्यास आरंभ केला. पुढें आपल्या पसंतीचें चित्र लावण्याची सोय झाली, तेव्हां ही खटपटहि करावी लागेना. २०१२ सालीं यूट्यूबनें व्हिडिओंची शिफारस करतांना नुसत्या पाहण्यांच्या संख्येपेक्षां लोक किती वेळ पाहत राहतात याला अधिक महत्त्व दिलें. फसव्या दारांना आळा बसावा हा त्यांतील एक हेतु. पण लोकांनीं आपला उपाय आपण शोधला होता. ज्या चित्रानें फसविलें तेंच चित्र पुन्हां काढून दाखविलें, बाणाच्या टोंकाला बिचारें एखादें मांजर बसविलें, कीं त्यांतली युक्ति उघडी पडते आणि फसलेला माणूस हंसणारा होतो. पोस्टकार्डावरील पोराच्या बाबतींत मिंगो यांनीं हेंच केलें होतें.

तिसरें कारण निखळ प्रेमाचें आहे, आणि त्याचें उदाहरण फ्रान्समधलें आहे. पॅरिसजवळ राहणाऱ्या एका तरुणानें २०१५ सालीं यूट्यूबवर संथ वाद्यसंगीताची एक वाहिनी काढली. अभ्यास करतांना ऐकावें असें तें संगीत, लो-फाय नांवानें प्रसिद्ध असलेलें. २०१७ पासून तें अखंड चालूं लागलें, आणि दारावर व आंतहि, लिहीत बसलेल्या एका मुलीचें हलतें चित्र होतें. तें चित्र जपानमधील स्टुडिओ घिबली या संस्थेच्या १९९५ सालच्या चित्रपटांतून उचललेलें होतें. हक्काचा प्रश्न निघाला व तें काढावें लागलें. मग ल्योंं शहरांत चित्रकला शिकलेल्या ह्वान पाब्लो माचादो या कोलंबियाच्या तरुण चित्रकाराकडून नवें चित्र काढून घेण्यांत आलें. कानांवर हेडफोन, समोर वही, खिडकींत पाठमोरें मांजर, आणि खिडकीबाहेर ल्योंचीं उतारावरचीं घरें. हात लिहितो, मांजराची शेपटी हलते, आणि बाकी सारें स्वस्थ. यांत कोणास फसविण्याचा हेतु नव्हता. पण बाजाराच्या दारावर लावलेलेंच हें चित्र, आणि त्याची काटकसर तीच.

२०२० सालीं साऱ्या जगावर कोरोनाच्या सांथीनें घरांत बसण्याची पाळी आणली असतां, देशोदेशींच्या चित्रकारांनीं या मुलीला आपापल्या देशांत नेऊन बसविलें. बैठक, हेडफोन व खिडकी जशींच्या तशीं; पण खिडकीबाहेर आपलें गांव, भिंतीवर आपल्याकडील वस्तु, टेबलावर आपलें खाणेंपिणें. त्याच वर्षीं मे महिन्यांत 'सेलर मून' या जपानी चित्रमालिकेंतील एका दृश्याचेंहि असेंच झालें. नायिकेच्या चेहऱ्याच्या जागीं असंख्य चित्रकारांनीं निराळ्या कथांतील चेहरे काढले. मूळ चित्र येथें छापील कागदावरील रिकाम्या चौकटीसारखें झालें. ज्याला जें भरावयाचें तें त्यानें भरावें, आणि चौकट ओळखीची असल्यामुळें भरलेलें चटकन् दिसावें.

अशा चित्रांचें आयुष्य कशावर अवलंबून असतें, तेंहि न्यूमनच्या उत्तरकाळावरून दिसतें. मे २०१९ मध्यें अमेरिकेच्या अध्यक्षांनीं एका तरुण प्रतिस्पर्ध्याची न्यूमनशीं तुलना करून थट्टा केली. सदतीस वर्षांच्या त्या उमेदवारानें उत्तर दिलें कीं हा कोण तें आपणांस शोधून पाहावें लागलें. त्याच वर्षीं 'मॅड'नें बव्हंशीं नवा मजकूर छापणें थांबविलें. नव्या पिढीनें तो चेहरा काढणें सोडलें, तसा तो ओळखींतून जाऊं लागला. चित्र संग्रहालयांत राहूं शकतें; पण लोकांचें चित्र म्हणून तें पुन्हां काढणाऱ्यांच्या हातांतच जगतें.

राहिला प्रश्न नांवाचा. न्यायालयाला त्याचें उत्तर देतां आलें नाहीं, कारण न्यायालय हक्क कोणाचा एवढेंच ठरवितें. हात कोणाचा होता तें शोधणें त्याचें काम नव्हे. या बाबतींत आजच्या हौशी चित्रकारांनीं एक चांगला पायंडा पाडला आहे. इंस्टाग्रामवर एखादा चित्रकार आपलें चित्र पुढें ठेवून, हें तुमच्या वळणानें काढून दाखवा, असें इतरांना आवाहन करतो. आणि जो कोणी काढील त्यानें मूळ चित्रकाराचें नांव सोबत द्यावें, अशी तेथील रीत आहे. नांव गाळलें तर इतर चित्रकारच त्यास टोकतात. कायदा नाहीं, दंड नाहीं; केवळ मर्यादेचा हा भाग आहे. लो-फायच्या मुलीचीं रूपें देशोदेशीं निघालीं तरी माचादो हें नांव आज कोणासहि सांपडतें. दांत पडलेल्या पोराचा पहिला चित्रकार मात्र सांपडत नाहीं.

चित्र लोकांनीं उचलावें, यापरतें चित्रकाराचें भाग्य नाहीं. जाहिरातदाराचा हेतु त्यांतून गळून पडतो, फसवणूक हास्यांत विरते, आणि एका विक्रीच्या तक्त्यावर हजारों माणसें आपलें मन रेखाटून जातात. एवढें होत असतां खालच्या कोपऱ्यांत दोन शब्दांची जागा मूळ हातासाठीं राखून ठेवणें कांहीं अवघड नाहीं. १८९४ सालीं ती जागा कोणी राखली असती, तर आज त्या चेहऱ्याच्या इतिहासाचें पहिलें पान कोरें राहिलें नसतें.